लपायचंय तर पोटावर दिवे कशाला? कंदीलमाशाबद्दल एक प्रश्न

कार्डपंच_सोलापूर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरचा. एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात ३१ वर्षं जकार्डची कार्डं पंच केली. नक्षी ग्राफवर उतरवायची, ग्राफ बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना शिवायच्या आणि माळ मागावर चढवायची. आता नक्षी संगणकातून थेट मागावर जाते. कार्डंही घरी बसली आणि मीही. समुद्र आयुष्यात दोनदा बघितलाय, एकदा मुंबईला आणि एकदा गणपतीपुळ्याला, आणि दोन्ही वेळा घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. एवढ्या भांडवलावर समुद्राचा प्रश्न विचारतोय, सांभाळून घ्या.

नात नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तिनं "अंधारातले जीव" असा विषय घेतलाय. काल जेवताना मोबाइल माझ्यापुढं धरला. एका माशाचं रेखाचित्र होतं. बोटाएवढा मासा, डोळे मात्र डोक्याच्या मानानं केवढे तरी मोठे, आणि छातीपासून शेपटीपर्यंत पोटाच्या कडेनं गोल गोल ठिपके. एके ठिकाणी पाच सलग, मग एक सुटा वर चढलेला, मग परत चार, मग रिकामी जागा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हे तर कार्ड आहे की ओ! जकार्डचं कार्ड खिडकीत उजेडाला धरलं की असंच दिसतं. भोकं कुठं दाट, कुठं विरळ, कुठं एक सोडून एक, यावरून मोर आहे का कैरी ते मी चादर न बघता सांगायचो. नात म्हणाली, "आजोबा, यांचं पण तसंच असतं. ठिपके मोजून जात ओळखतात. आणि प्रत्येक ठिपका म्हणजे दिवा." इंग्रजी नावाचं मराठी करायचं तर कंदीलमासा.

तिथून माझी झोप गेली. तिच्या पुस्तकात लिहिलंय की हे दिवे *लपण्यासाठी* असतात. आता मला सांगा, चोरीला निघालेला माणूस कंदील घेऊन निघतो का?

दुसरी गोष्ट. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मेव्हण्यानं लगेच एक निरोप ढकलला: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाला समुद्राचा तळ रोज संध्याकाळी वर येताना दिसला, आणि तो तळ म्हणजे हेच मासे होते. मेव्हण्याचे निरोप मी न वाचता पुसतो. सोनं कुठं सापडलं आणि हळदीनं काय काय बरं होतं, एवढंच असतं त्यात. पण हा पुसवला नाही. खरं आहे का?

आणि शेवटचं. हे मासे म्हणे दिवसा अर्धा किलोमीटर खाली असतात आणि रात्री वर येतात. आमचं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर. म्हणजे बोटाएवढा जीव रोज रात्री समुद्रातून सोलापूरला चढून येतो आणि पहाटे परत उतरतो? कशासाठी?

---

तळ्यातला_बगळा | रविवार, रात्री ११:०५

काका, सगळं इंटरनेटवर आहे, शोधा की. सोलापुरात पाणी येतं चार दिवसांनी आणि तुम्ही समुद्राचं विचारताय. उजनीची चिलापी खा आणि निवांत झोपा.

---

कार्डपंच_सोलापूर | रविवार, रात्री ११:१२

चिलापी खाऊनच विचारलंय.

---

खारं_पाणी | सोमवार, रात्री ९:२०

काका, मीही सोलापूरचीच. घर माळकरी, आईनं आयुष्यात मासळीला हात लावला नाही, आणि मुलगी निघाली रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात. आता कोचीला असते. कंदीलमासे हा माझा थेट विषय नाही, पण एका संशोधन जहाजावर तीन आठवडे त्यांच्या परातीच्या पराती निवडल्यात, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे.

आधी दिव्यांचं, कारण तुमचा चोराचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय.

तुमच्या कारखान्याच्या छपरात उजेडासाठी मधे मधे फायबरचा पत्रा असेल. त्याच्यावर पाल चढली की खालून कशी दिसायची ते आठवा. काळीकुट्ट, पायाची बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. पाल काही काळी नसते, मागं उजेड असतो म्हणून ती काळी दिसते. चारशे-पाचशे मीटर खोल समुद्रात दिवसा तसंच असतं. आपल्याला तिथं अंधारच वाटेल, पण वरून निळसर असा अगदी क्षीण उजेड झिरपत असतो आणि तिथल्या प्राण्यांचे डोळे त्याच्यावर पोसलेले असतात. कित्येक शिकारी तर डोळे वर लावूनच बसलेले. वरून जाणाऱ्या माशाची सावली दिसली की संपलं. आता त्या पालीच्या पोटाला छोटे दिवे लावा आणि ते पत्र्याच्या उजेडाइतकेच, ना कमी ना जास्त, तेवते ठेवा. पाल गेली. तुमचा चोर कंदील घेऊन निघाला हे खरं, पण तो चाललाय उजेडाच्या भिंतीपुढून. कंदील नसता तर पकडला गेला असता.

म्हणून बहुतेक दिवे पोटाकडं असतात आणि त्यांचा झोत खाली. रंगही निळा, कारण पाण्यात सगळ्यात लांब निळाच पोचतो. एकेक दिवा टाचणीच्या डोक्याएवढा, पण आत व्यवस्था बघा: मागं काळा पडदा, त्याच्यापुढं चांदीसारखा आरसा, मग उजेड तयार करणाऱ्या पेशी, आणि तोंडावर खवल्याचंच झालेलं भिंग. जुन्या मोटारीच्या हेडलाइटची रचना डोळ्यापुढं आणा. काही माशांमध्ये उजेड हा आत पाळलेल्या जिवाणूंचा असतो. इथं तसं नाही, मासा स्वतःच्या पेशींतल्या रसायनावर पेटतो.

उजेड "तेवढाच" ठेवायचा म्हणजे मोजमाप आलं. वर ढग आला, मासा शंभर मीटर सरकला, की हिशेब बदलला. याचं एक सुंदर उत्तर १९७४ साली मांडलं गेलं: डोळ्याजवळचा एक दिवा माशाच्या स्वतःच्याच डोळ्यात उजेड टाकतो. वरून येणारा उजेड आणि आपला उजेड एकाच डोळ्यात शेजारी शेजारी पडले की कोण जास्त कोण कमी ते कळणार. चादरीचा रंग जुळवताना तुमचे रंगारी नमुन्याची लडी शेजारी धरून बघायचे ना, तसंच.

पण सगळे दिवे लपायला नाहीत. शेपटीच्या बुडाशी आणखी वेगळ्या चकत्या असतात, जरा भडक. काही जातींत नराची वरच्या बाजूला, मादीची खालच्या. त्या तेवत राहत नाहीत, लखकन उडतात. *डायफस* नावाच्या गटातल्या काहींना तर नाकापाशी मोठे दिवे असतात, मोटारीसारखे. ते कशाला, यावर वाद घालायला लोकांना अजून पुष्कळ वाव आहे. भक्ष्य उजळायला, एकमेकांना खुणा करायला, अशी मतं आहेत.

आणि तुमच्या नातीला शाबासकी. जवळपास अडीचशे जाती आहेत, आणि खरंच छातीचे किती, पोटाचे किती, शेपटीच्या देठाचे किती, कुठला दिवा ओळ सोडून वर गेलाय, हे मोजूनच ओळखतात. फक्त एक अडचण, जी चित्रात दिसत नाही. यांची खवलं इतकी सैल की जाळ्यात घासूनच निघतात, आणि खवल्यांबरोबर दिवेही. पहाटे दोन-अडीचला जाळं डेकवर आलं, परातीत ओतलं, की अर्ध्याहून जास्त मासे सोललेल्या लसणीसारखे. कार्ड हातात आहे पण भोकं बुजलेली, असं समजा. मग डोकं उघडून कानातला खडा काढायचा. माशांना आतल्या कानात चुनखडीचा खडा असतो, कंदीलमाशांचा अंगाच्या मानानं मोठा, आणि जातीजातीचा आकार वेगळा. दिवे गेले तरी खडा राहतो. पेंग्विनच्या पोटात मासा पचून गेला तरी खडा सापडतो.

एकदा मात्र नशीब होतं. बादलीत गार समुद्राचं पाणी घेऊन चार-पाच धडके मासे त्यात सोडले आणि बरोबरच्या मुलानं खोलीतला दिवा घालवला. मिनिटभर काही नाही. बादली हलवली आणि एकाच्या शेपटीपाशी निळा चटका उडाला, गॅसच्या लायटरची ठिणगी असते तेवढाच. परत हलवली, परत एकदा. तिसऱ्यांदा नाही. वर आलेला मासा फार वेळ टिकत नाही.

मेव्हण्यांच्या निरोपाचं रात्री उशिरा लिहिते, आत्ता जेवायला हाक आलीय.

---

खारं_पाणी | सोमवार, रात्री ११:४५

तर मेव्हणे. या वेळी त्यांना माफ करा, निरोप बराचसा खरा आहे.

१९४२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढं पाणबुड्या शोधायच्या कामासाठी पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत होते. तळ हजार मीटरच्या खाली असायला हवा, आणि प्रतिध्वनी येतोय तीनशे-साडेचारशे मीटरवरून. रुंदच्या रुंद थर, मैलोन् मैल. खोटा तळ. पुढं १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञानं दाखवलं की तो थर संध्याकाळी वर चढतो आणि सकाळी खाली जातो. तळ असं करत नाही, जीवच करतात. त्या थरात कोळंबीसारखे जीव, माखल्या, जेलीसारखे प्राणी असे बरेच असतात, पण प्रतिध्वनी मोठा करण्यात कंदीलमाशांचा वाटा मोठा, कारण बऱ्याच जातींच्या पोटात हवेचा फुगा असतो आणि पाण्यातल्या हवेवर आवाज जोरात आपटतो. मेव्हण्यांनी "हेच मासे" म्हटलं तिथं थोडा मसाला आहे, बाकी ठीक.

"कशासाठी" याचं उत्तर कारखान्याच्या भाषेत देते, ते तुम्हाला लवकर पटेल. ही रातपाळी आहे. खायला वर असतं, कारण वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सूर्यप्रकाशात वाढतं आणि त्याच्यावर जगणारे बारीक जीवही त्याच्या आसपास. पण दिवसा वर गेलं तर कुपा (टूना), डॉल्फिन, पक्षी, सगळ्यांना दिसणार. म्हणून दिवस खाली काढायचा, सूर्य मावळला की निघायचं, वरच्या शंभरेक मीटरमध्ये रात्रभर खायचं, उजाडायच्या आत घरी. भोंगा म्हणजे उजेड. आणि भोंगा खरोखर उजेडाचाच आहे, घड्याळाचा नाही: भरदुपारी सूर्यग्रहण लागलं की हा थर वर सरकायला लागल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या अरबी समुद्राची गोष्ट याहून विचित्र. साधारण दीडशे ते हजार मीटरच्या मधल्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाही. जगातल्या मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. आणि *बेन्थोसेमा टेरोटम* नावाचा चार-पाच सेंटिमीटरचा कंदीलमासा दिवस काढायला नेमका तिथंच जातो. गुदमरायला होतं म्हणून शिकारी मागं येत नाहीत, असा कयास. एखाद्यानं वसुली चुकवायला दिवसभर बंद गोदामात बसावं, तसं. १९७०-८० च्या दशकांत नॉर्वेच्या *डॉ. फ्रिट्‌योफ नान्सेन* या संशोधन जहाजानं इकडं सर्वेक्षण केलं, तेव्हा या एकाच जातीचा अंदाज १० कोटी टनांपर्यंत गेला होता. सगळं जग मिळून समुद्रातून वर्षाला साधारण ८ कोटी टन मासळी पकडतं, म्हणजे अंदाज बघा. त्या मापानं हा आपला शेजारी, आणि आपल्या भाषेत त्याला धड नावही नाही. कोळ्यांच्या नेहमीच्या जाळ्यात तो येतच नाही, मग नाव कोण ठेवणार?

हो, एक नातं सांगते. बाजारात सुके बोंबील घेता ना? जुन्या वर्गीकरणात बोंबील आणि कंदीलमासे एकाच गणात धरायचे. आता वेगळे केलेत, पण भाऊबंदकीतलेच.

---

पोल्ट्री_मोहोळ | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, सगळं वाचलं. माझी मोहोळजवळ पोल्ट्री आहे. पक्ष्यांच्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी जाते आणि तिचा भाव काय झालाय ते खाद्य घेणाऱ्यालाच विचारा. १० कोटी टन मासा दारात पोहतोय आणि आपण बघत बसलोय? पकडा की. खाणार कोण आहे त्याला.

---

खारं_पाणी | मंगळवार, रात्री ८:३०

दादा, हा विचार तुमच्या आधी बऱ्याच देशांनी केला. सोव्हिएत जहाजं दक्षिण महासागरात कंदीलमासे धरायची, १९९० च्या आसपास ते जोरात होतं आणि मग आटोपलं. दक्षिण आफ्रिकेत धरायचे आणि भुकटीच्या कारखान्यात घालायचे, पण माशात तेल इतकं की यंत्रं बेजार झाली, ते काम ८० च्या दशकात बंद पडलं. इराणनं ओमानच्या आखातात प्रयोग केले. आपल्याकडं केरळच्या पुढं खोल पाण्यातली कोळंबी धरताना हे जाळ्यात येतात आणि बहुतेक परत समुद्रात फेकले जातात.

अडचण अशी की ५५ ते ६६ कोटी टन हा जगभरच्या कंदीलमाशांचा आकडा ऐकायला मोठा, पण तो पसरलाय अख्ख्या महासागरांत. वाळवंटात साखर सांडल्यासारखा. बारीक आसाचं अवजड जाळं दिवसभर ओढायचं, डिझेल जाळायचं आणि हाती येणार त्यातला चिमूटभर. काही जातींच्या चरबीत मेण असतं, ते पोटाला सोसत नाही. शिवाय हा मासा जाळं ओळखून बाजूला होतो. म्हणून तर आकड्यांचा घोळ आहे: मधल्या थरातल्या सगळ्या माशांचा जुना अंदाज, १९८० चा, जाळ्यावरून काढलेला १०० कोटी टन. स्पेनच्या *मालास्पिना* मोहिमेनं ध्वनीवरून मोजलं, २०१४ मध्ये ते छापून आलं, तर १००० कोटी टन. दहापट फरक! ज्याचं पीक नक्की किती तेच ठरत नाही, त्याची काढणी किती करायची हे कोण ठरवणार, हे माझं भांडण आहे.

आणि "खाणार कोण" म्हणालात. कुपा खातो, माखल्या खातात, डॉल्फिन, समुद्रपक्षी, दक्षिणेकडचे सील. राजा पेंग्विन तर ज्या मोसमात पिल्लं वाढवतो तेव्हा बहुतांशी यांच्यावरच असतो. तुमच्या पोल्ट्रीच्या आधी रांगेत एवढे आहेत.

आणखी एक काम हे मासे फुकट करतात. वर खाल्लेलं दिवसा खाली जाऊन टाकतात. वरच्या पाण्यातला कार्बन पाचशे मीटर खाली पोचवायची रोजची हमाली. तिथं गेलेला कार्बन हवेत परत यायला फार वर्षं लागतात. ती हमाली थांबली तर काय होईल, हे कोंबडीच्या खाद्याच्या भावात बसवता येत नाही.

---

पोल्ट्री_मोहोळ | मंगळवार, रात्री ९:०२

ताई, पटलं अर्धं. यंत्रं बेजार झाली ते पटलं. हमालीचं बघतो.

---

कार्डपंच_सोलापूर | शुक्रवार, रात्री १०:१५

चार दिवस गप्प होतो कारण घरात प्रयोग चालू होता. ताईंनी पालीचं सांगितलं आणि मला राहवेना. छपराच्या पत्र्यावरची पाल ३१ वर्षं बघितलेली, ती अशी उपयोगाला येईल वाटलं नव्हतं.

केलं ते असं. पश्चिमेच्या खिडकीला बटर पेपर लावला, म्हणजे सगळी खिडकी एकसारखी उजळ. काळ्या पुठ्ठ्याचा हातभर लांब मासा कापला आणि कागदापुढं दोऱ्यानं टांगला. दहा फुटांवर खुर्ची. मासा काळाभोर, शेपटीची खाच दिसतेय. मग पुठ्ठ्याला भोकं पाडली. जुनं पंच अजून आहे घरात, हात बसलेला असतो, नातीनं चित्र धरलं आणि मी जातीबरहुकूम पाडली, एकही चूक नाही. भोकांत दिवाळीची एलईडीची माळ मागून बसवली, दिव्यांची तोंडं आमच्याकडं.

पेटवली. नात हसायला लागली. लपायचं राहिलं बाजूला, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा दिसायला लागला! मग एकेका दिव्यावर बटर पेपरचे तुकडे चिकटवत गेलो. दोन थर, तीन थर. पाच थरांवर ठिपके खिडकीत मिसळायला लागले, पण मधला काळा पुठ्ठा दिसतच होता. नात म्हणाली, फसला प्रयोग. मी घाम पुसायला चष्मा काढला आणि सहज समोर बघितलं.

मासा नाही.

चष्मा लावला, आहे. काढला, नाही. मला जवळपास उणे पाचचा नंबर आहे. ठिपके आणि काळं एकमेकांत कालवलं जाऊन बरोबर खिडकीएवढं उजळ झालं होतं. नातीला दिसेना मला काय दिसतंय (म्हणजे काय दिसत नाहीय), म्हणून तिला गल्लीच्या पलीकडं, समोरच्यांच्या गच्चीत पाठवलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची, गल्लीकडची खिडकी उघडी ठेवली. तिथून ओरडून सांगितलं तिनं, "आजोबा, खिडकीत काय बी नाही!"

आणि सव्वासहाला गंमत. बाहेर उजेड उतरला, खिडकी मंद झाली, दिवे तेवढेच. मासा परत दिसायला लागला, या वेळी उजळ. म्हणजे ताईंनी लिहिलेला तो डोळ्यातला दिवा उगाच नाही. रंगाऱ्याची लडी शेजारी नसेल तर रंग जुळणार कसा?

मला विचारायचंय ते हे: खालच्या शिकाऱ्यालाही चष्मा नसतो, असं धरायचं का?

---

खारं_पाणी | शुक्रवार, रात्री ११:००

काका, इतका सरळ प्रयोग मी कॉलेजात बघितला नाही. हो, तसंच धरा. इतक्या कमी उजेडात बघायचं तर डोळा बारकावे सोडून देतो. उजेडाचा कण न् कण गोळा करायचा तर रेषा पुसट होणारच. तिथल्या शिकाऱ्याचा डोळा म्हणजे बराचसा तुमचा चष्मा काढलेला डोळा. ठिपके सुटे असले तरी लांबून चालून जातं.

पण खेळ एकतर्फी नाही. काही शिकाऱ्यांच्या डोळ्यात पिवळं भिंग असतं. वरून येणारा निळा आणि दिव्याचा निळा यांत रंगाचा बारीकसा फरक असतो, तो पिवळ्यातून बघितला की उघडा पडतो असं मानतात. ते चष्मा लावून आलेले गिऱ्हाईक.

---

कार्डपंच_सोलापूर | शुक्रवार, रात्री ११:२०

नात पिवळा जिलेटिन कागद आणायला उद्या निघालीय. तिला सांगून ठेवलं, दुकान उघडू दे.

एक हिशेब केलाय, तपासा. मासा चार सेंटिमीटरचा. पाचशे मीटर वर, पाचशे खाली, म्हणजे रोज स्वतःच्या लांबीच्या २५ हजार पट. माझी उंची पाच फूट पाच. माझ्या मापात ते होतात ४१ किलोमीटर. सोलापूरहून तुळजापूर ४५. कोजागरीला आम्ही रात्रभर चालत जातो ना, आमच्या गल्लीतून पन्नास-साठ जण निघतात. मी २२ वेळा गेलोय, अनवाणी. दुसऱ्या दिवशी पायरी उतरता येत नाही. आणि हे रोज रात्री, शिवाय पाण्याचा दाब पन्नास पटींनी कमी-जास्त होतोय ते वेगळंच.

---

खारं_पाणी | शुक्रवार, रात्री ११:३१

हिशेब बरोबर आहे. फक्त कोजागरीचं नाव घेतलंत म्हणून सांगते. पौर्णिमेच्या आसपास बऱ्याच जाती नेहमीइतक्या वर येत नाहीत. चांदण्यात दिसून येतील म्हणून खालीच रेंगाळतात. तुम्ही ज्या रात्री निघता, नेमकी त्या रात्री त्यांची वारी अर्ध्यावर.

---

कार्डपंच_सोलापूर | शुक्रवार, रात्री ११:३८

म्हणजे पौर्णिमेला खाडा.

नात विचारतेय, खाड्याच्या दिवशी पोटाचं काय. सवडीनं लिहा. आता बटर पेपर काढतो, घरच्यांना खिडकी परत हवीय.